श्लॉसप्लाट्सवर क्राफ्टवर्क, आणि बाबांच्या चष्म्यावर चष्मा

कोमट चहा (२२ जुलै २०१८)

परवा, शुक्रवारी २० जुलैला, इथे श्टुटगार्टच्या श्लॉसप्लाट्सवर क्राफ्टवर्कचा कार्यक्रम झाला. जॅझ ओपन नावाचा उत्सव असतो दरवर्षी, त्यात. ज्यांच्या आधी कॅसेट, मग सीड्या आणि मग एमपीथ्री ऐकत आलो ते चौघं समोर उभे होते. डोक्यातून अजून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतो. लांबलं तर सोसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ड्युसलडॉर्फचा बँड, राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर या दोघांनी १९७० साली सुरू केलेला. नावाचा अर्थ वीजनिर्मिती केंद्र. (आपल्याकडे 'परळी थर्मल' नावाचा बँड कुणी काढला तर घरचे काय म्हणतील ते सोडा.) १९७४ च्या 'आउटोबान'ने त्यांचं नाव जर्मनीबाहेर नेलं. रेकॉर्डची अख्खी एक बाजू, बावीस मिनिटांहून जास्त. मोटारीचं दार लागतं, इंजिन सुरू होतं आणि पुढे नुसता रस्ता. टेक्नो घ्या, हिपहॉप घ्या, खणत गेलात की कुठेतरी यांची वायर लागतेच.

तर तिकिटं दोन होती, माझं आणि बायकोचं. ऐनवेळी पोराला ताप आला. आईबाबा तीन महिन्यांसाठी इकडे आलेत. आई म्हणाली, "यांना घेऊन जा. दिवसभर गॅलरीत बसून ट्राम मोजतात."

बाबा चिंचवडला एका प्रेस शॉपमध्ये ३१ वर्षं ऑपरेटर होते. पॉवर प्रेसवर पत्र्याचे पार्ट. सेटरने डाय, म्हणजे साचा, लावून द्यायचा आणि ऑपरेटरने मशिन चालवायचं. डावा कान त्यातच गेला. माझ्या कॉलेजच्या दिवसांत मी एकदा 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' मोठ्याने लावलं होतं, त्यात तो लोखंडावर लोखंड आपटल्याचा ठेका आहे. बाबा सेकंड शिफ्ट करून आलेले. दारात उभे राहून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "शंभर टनी दिसतीय. पण पट्टा सैल आहे." आणि जेवायला गेले. त्यांच्या तोंडून क्राफ्टवर्कवर आलेलं हे एकमेव मत. म्हटलं, चला.

गेटवर कागदी थ्रीडी चष्मे वाटत होते. बाबांनी तो आपल्या बायफोकलवर चढवला आणि कार्यक्रम संपेपर्यंत उतरवला नाही. मधल्या वेळात आइसक्रीम खाल्लं तेही चष्म्यावर चष्मा ठेवून. जुलैत इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे पडदा नीट दिसायला अंधाराची वाट बघावी लागते. तोवर मी माणसं बघत होतो. बाबांपेक्षा वयाने मोठे, काठी घेतलेले लोक होते. त्यांच्या शेजारी केस निळे केलेली पोरं. समोर नोयेस श्लॉसचा राजवाडा.

मग ते चौघं आले. अंगाला चिकटलेले काळे सूट, त्यावर आलेखाच्या वहीसारख्या उजळणाऱ्या रेघा. प्रत्येकापुढे एक उभं टेबल, टेबलावर काय आहे ते आपल्याला दिसत नाही. सगळ्यात डावीकडे राल्फ ह्युटर, पुढच्या महिन्यात बहात्तरचा होईल. नमस्कार नाही, "हॅलो श्टुटगार्ट" नाही. पडद्यावर हिरवे आकडे सुटले आणि छातीत ठोका बसला. आवाज इतका स्वच्छ की प्रत्येक टिचकी वेगळी ऐकू यावी. गणपतीतल्या डॉल्बीसमोर उभं राहिलेल्या माणसाला मोठा आवाज आणि चांगला आवाज यांतला फरक समजायला असा एक कार्यक्रम पुरे.

'आउटोबान'ला पडद्यावर ती जुनी मुखपृष्ठावरची चित्रं चालू लागली: पांढरी बीटल आणि काळी मर्सिडीज. मर्सिडीजच्याच गावात. माझ्या पुढचे एक आजोबा काळी गाडी आली की हात वर करायचे. बहुतेक कारखान्यातून रिटायर झालेले असावेत. बाबांचं आणि त्यांचं नंतर बरंच बोलणं झालं, एक मराठीत आणि एक इथल्या श्वेबिश बोलीत. काय कळलं देव जाणे, पण दोघं हाताने प्रेसचा स्ट्रोक दाखवत होते.

आणि मग 'स्पेसलॅब'. उपग्रहाची दांडी थेट डोळ्यात येते, बाबा मागे सरकले. तेवढ्यात पडद्यावर एक माणूस. तरंगतोय. मला वाटलं चित्रफीत असेल. तो म्हणाला, शुभ संध्याकाळ क्राफ्टवर्क, शुभ संध्याकाळ श्टुटगार्ट. अंतराळवीर अलेक्झांडर गेर्स्ट! जूनमध्येच वर गेलेला, आमच्या याच राज्यातल्या क्युन्झेल्साऊ गावचा. अंतराळ स्थानकातून, ४०० किलोमीटरवरून. सध्या अंतराळात जे सहाच जण आहेत त्यांतला मी एक, म्हणाला. मग टॅब्लेटवर बनवलेला सिंथेसायझर काढला आणि 'स्पेसलॅब'ची धून वाजवली, आणि खालून ह्युटरने साथ दिली. अख्खा चौक एक क्षण गप्प, मग जो काही ओरडा झाला! तारीख बघा: २० जुलै. १९६९ ला याच तारखेला माणूस चंद्रावर उतरला होता.

बाबांनी उजवा कान माझ्याकडे करून विचारलं, "वरनं बोलतोय? आत्ता?" हो म्हटलं. पुढची दोन गाणी ते पडद्याकडे न बघता आकाशाकडे बघत होते. थ्रीडी चष्म्यातून.

शेवटी पडदा बंद होऊन परत उघडतो तेव्हा चौघांच्या जागी चार पुतळे. लाल शर्ट, काळा टाय, यांत्रिक हात. 'द रोबोट्स'. बाबा म्हणाले, "बघ. काढले ना शेवटी ऑपरेटर."

मधेच मी त्यांना विचारलं होतं, कंटाळा तर नाही ना आला, ही माणसं जागची हलत पण नाहीत. मला स्वतःलाच ती शंका होती खरं तर. इतकी वर्षं आवडतो हा बँड, पण उभं राहून बघायचं काय त्यात? त्यावर बाबा म्हणाले, "मशिन चालू असताना ऑपरेटरने नाचायचं नसतं. बोटं जातात."

फोटो दोनच आलेत, तेही अंधारात. थ्रीडीचे फोटो काढले की नुसती लाल-निळी भुतं दिसतात.

---

तिरकिटधा (२२ जुलै २०१८)

लेख आवडला, बाबा तर फारच. पण माफ करा, मला हे 'लाइव्ह' प्रकरण कधी पटलेलं नाही. टेबलामागे काय चाललंय ते दिसत नाही. ई-मेल बघत असतील तरी तुम्हाला कळणार नाही. मी तबला शिकलो. साडेतीन तास मांडी घालून बसलेला माणूस घाम गाळताना दिसतो तेव्हा त्याला मैफल म्हणतात. बटण दाबलं आणि वाजलं, याला तिकीट कशाला?

---

वायरमन (२२ जुलै २०१८)

'काढले ना शेवटी ऑपरेटर' _/\_

तिरकिटधा, रागिणी (इलेक्ट्रॉनिक तानपुरा) आणि तालमाला (इलेक्ट्रॉनिक तबला) घरात नाही असा एक क्लास दाखवा. बंगळुरूच्या राडेलने १९७९ पासून इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी घरोघरी पोचवली. तानपुऱ्याच्या जागी डबी बसवून दोन पिढ्या रियाज करतायत आणि तुम्ही जर्मनांच्या बटणांवर चिडताय. हलके घ्या.

---

तिरकिटधा (२२ जुलै २०१८)

हलकंच घेतलं. पण रागिणी मागे असते, पुढे माणूस गातो. इथे पुढेही रागिणीच आहे.

---

कोमट चहा (२३ जुलै २०१८)

ई-मेलचा विनोद त्यांच्यावर कितीतरी वर्षं होतोय आणि मला वाटतं त्यांना तो आवडतही असावा. पण समोरून लक्ष देऊन बघितलं तर कळतं: गाणं ह्युटरचं, तेही जागेवर, काही वेळा व्होकोडर नावाच्या, आवाज यंत्रासारखा करणाऱ्या यंत्रातून घातलेलं. मुख्य सुरावटी तोच वाजवतो. एकदा चक्क चुकला, 'निऑन लाइट्स'मध्ये एक स्वर उशिरा आला, आणि मला काय आनंद झाला सांगू! बाकीचे ठेका, बास, आवाजाचा पोत बदलत असतात, आणि एक जण फक्त पडदा सांभाळतो, म्हणजे चित्रं 'वाजवतो' म्हणा. ठेका आधीच भरलेला आहे हे खरंच. पण तबल्याला लेहरा धरणाऱ्या हार्मोनियमवाल्याला आपण 'हा एकच ओळ तासभर वाजवतोय' असं म्हणतो का? तीच ओळ न ढळता वाजणं हीच तर गंमत. आज आषाढी. आई सकाळपासून फोनवर पंढरपूर बघतीय, टाळांचा आवाज घरभर आहे. तीन दिवसांत मला दोन्हीकडे तेच ऐकू येतंय.

---

तिरकिटधा (२३ जुलै २०१८)

लेहऱ्याचा मुद्दा मान्य. टाळांचा नाही. टाळ वाजवणारा चालत असतो.

---

चाळ नंबर चार (२३ जुलै २०१८)

मंडळी, एक माहिती. १९८१ मध्ये 'कॉम्प्युटर वर्ल्ड' ही त्यांची रेकॉर्ड आली आणि त्या वर्षीच्या जगदौऱ्यात क्राफ्टवर्क मुंबईतही वाजवून गेले. मी तेव्हा नववीत, लालबागला. अर्थात आम्हाला पत्ताही नव्हता. त्या दौऱ्यात 'पॉकेट कॅल्क्युलेटर'ला ते हातातली छोटी यंत्रं घेऊन स्टेजच्या कडेला यायचे आणि पुढच्या रांगेतल्या लोकांना बटणं दाबू द्यायचे.

मला पुढे कळलं तेव्हा गंमत वाटली ती वेगळीच. त्याच शहरात तेव्हा कापडगिरण्यांतल्या साच्यांचा आवाज चोवीस तास चालू होता. वडील तिसऱ्या पाळीला असले की आम्ही भोंग्यावर उठायचो. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला आणि तो आवाज गेला तो गेलाच. यंत्राच्या ठेक्याचं गाणं करणारे लोक मुंबईत येऊन गेले, आणि यंत्रं बंद पडायला थोडेच महिने उरले होते. ऑपरेटर काढण्याचा विनोद वाचून हसलो, आणि मग नाही हसलो.

कोमट चहा, बाबांना नमस्कार सांगा.

---

नेकारकाठी (२३ जुलै २०१८)

अरे मीही होते तिथे! डाव्या बाजूला, बिअरच्या टपरीजवळ. चष्म्यावर चष्मा घातलेले एक काका बघितल्याचं आठवतंय, खरंच. आकाशाकडे बघत होते.

एक शंका. गेर्स्ट खरंच थेट वाजवत होता? ताल इतका जुळला कसा?

---

वायरमन (२४ जुलै २०१८)

माझा प्रांत आला म्हणून बोलतो. स्थानक ४०० किलोमीटरवर आहे, पण त्याचा सिग्नल सरळ खाली येत नाही. स्थानक तासाला साधारण २८,००० किलोमीटरने पळतंय, एका गावावरून काही मिनिटांत पार होतं. म्हणून सिग्नल आधी वर, ३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाकडे जातो, तिथून जमिनीवर, मग केबलने पुढे. जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाच्या वर सहज जातं. अर्ध्या सेकंदात द्रुत तीनतालाच्या दोन मात्रा निघून जातात. म्हणजे दोघांनी एका ठेक्यावर घट्ट वाजवणं शक्यच नाही. त्याने मोकळी धून वाजवायची, खालच्यांनी ऐकून त्याला उत्तर द्यायचं, हा एकच मार्ग. सवाल-जवाब म्हणा.

अवांतर: 'स्पेसलॅब' हे गाणं १९७८ चं. खरी स्पेसलॅब प्रयोगशाळा उडाली १९८३ च्या नोव्हेंबरात, कोलंबिया शटलमधून, आणि त्यात पश्चिम जर्मनीचा पहिला शटलवीर उल्फ मेरबोल्ड होता. गाणं पाच वर्षं आधीच तयार.

---

तिरकिटधा (२४ जुलै २०१८)

सवाल-जवाब? मग मैफल आहे म्हणायची. थोडी.

---

रत्नांग्रीकर (२४ जुलै २०१८)

'रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी' वाजवलं का? १९७५ च्या मूळ गाण्यात कसलीच बाजू नव्हती, रेडिओ आणि किरणोत्सर्ग यांच्यावरचा शब्दखेळ होता. १९९१ ला त्यांनी ते नव्याने केलं तेव्हा 'थांबवा' हा शब्द आला आणि चेर्नोबिल वगैरे नावं. फुकुशिमानंतर २०१२ मध्ये टोकियोजवळच्या कार्यक्रमात जपानी ओळी आल्या. आम्ही राजापूर तालुक्यातले. माडबनला ९,९०० मेगावॉटचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प येणार येणार म्हणून २००५ नंतर काय काय बघितलं ते आम्हाला विचारा. पडद्यावर ती गावांची नावं एकापाठोपाठ एक येतात तेव्हा पुढचं नाव कुठलं, असं माझ्या पोटात येतं.

---

कोमट चहा (२४ जुलै २०१८)

वाजवलं. तेव्हा चौकात कुणी नाचत नव्हतं.

---

मीठमसाला (२४ जुलै २०१८)

वीजनिर्मिती केंद्र नाव ठेवून अणुऊर्जेला विरोध. जर्मन लोक भारी असतात.
जैतापूर हवं की नको यावर पाच धागे आधीच आहेत, तिकडे चला. इथे गाण्याचं बोलू.

---

फडताळ (२६ जुलै २०१८)

वाचनखूण साठवली. कुणी चरणजित सिंगांचं नाव कसं घेतलं नाही? हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य काढलेला माणूस. १९८२ मध्ये मुंबईत रोलंड कंपनीची तीन यंत्रं समोर ठेवून, टीआर-८०८ चा ठेका, टीबी-३०३ चा बास आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर, त्याने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. भैरव, मेघमल्हार, मधुवंती. तेव्हा कुणी विचारलं नाही. तीच टीबी-३०३ वापरून शिकागोच्या पोरांची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आली १९८७ ला आणि अ‍ॅसिड हाऊस हा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार जन्मला असं सगळे म्हणतात. २०१० मध्ये सिंगांची रेकॉर्ड युरोपातून पुन्हा निघाली तेव्हा तिकडचे लोक डोकं धरून बसले. सत्तरी उलटल्यावर गृहस्थ युरोपात जाऊन वाजवून आले. २०१५ ला मुंबईत गेले.

तिरकिटधा, ते ऐका. मींड ऐका त्यातली. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे, ती बनवणाऱ्याने बास गिटारची नक्कल करायला ठेवली होती. तिचा रागासाठी असा उपयोग होईल हे त्याला स्वप्नातही सुचलं नसेल.

---

तिरकिटधा (२८ जुलै २०१८)

ऐकलं. दोनदा. लय यंत्राची असल्यामुळे समेवर येण्याची उत्सुकताच मरते, हे माझं मत कायम. पण मधुवंतीचा तीव्र मध्यम चोख लावलाय माणसाने. बायको विचारत होती, हे काय लावलंय.

---

मीठमसाला (२८ जुलै २०१८)

मी दोनदा गोव्याला सनबर्न महोत्सवाला गेलोय. तिथे सगळे हात वर करून फोन धरतात, पुढचं काही दिसत नाही. ७१ वर्षांचा माणूस शांत उभा आणि लोक ऐकतायत, हे वाचून बरं वाटलं. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

र्‍हाईनपार (३० जुलै २०१८)

ड्युसलडॉर्फला राहतो, म्हणून उशिरा का होईना हजेरी. मागच्या वर्षी १ जुलैला टूर द फ्रान्स आमच्या गावातून सुरू झाली तेव्हा यांनी इथे एरेनहोफला वाजवलं. दुपारी सायकलींची शर्यत पावसात, लोक घसरून पडत होते. संध्याकाळी त्याच गावात 'टूर द फ्रान्स'. ह्युटर स्वतः सायकलवेडा. त्या गाण्यात ठेक्यासारखा जो श्वास ऐकू येतो तो चढावर सायकल मारून बघितल्याशिवाय समजत नाही, असं माझं मत. मी सिंहगडाच्या रस्त्यावर समजून घेतलंय.

स्टेशनजवळ मिंट्रोपष्ट्रासेवर त्यांचा जुना क्लिंग क्लांग स्टुडिओ होता. एकदा बघायला गेलो. पाटी नाही, काही नाही. गाळ्यांची इमारत, बाजूला दुकानं. भोसरीत असते तशी.

---

कोमट चहा (७ मे २०२०)

धागा वर काढतोय. काल बातमी आली, फ्लोरियान श्नायडर गेला. एप्रिलमध्येच गेला होता म्हणे, ७३ वर्षांचा होता.

---

चाळ नंबर चार (७ मे २०२०)

अरेरे. इरफान, ऋषी कपूर आणि आता हा. काय दिवस आहेत.

---

तिरकिटधा (७ मे २०२०)

वाईट झालं. तुमच्या या धाग्यामुळे मी बरंच ऐकलं यांचं, कबूल करतो. सध्या माझे क्लास झूमवर चालू आहेत. मी ठेका धरतो आणि पोरगी पलीकडे अर्धा सेकंद मागे वाजवते. वायरमनची आठवण रोज येते. शेवटी सवाल-जवाबच शिकवतोय.

---

वायरमन (७ मे २०२०)

ठाणे ते डोंबिवली आणि अंतराळ स्थानक, उशीर सारखाच. :)

---

नेकारकाठी (८ मे २०२०)

बाबा कसे आहेत?

---

कोमट चहा (८ मे २०२०)

बरे आहेत. चिंचवडलाच, दोघंच. आमच्या मागच्या गल्लीत पत्रा कापणारे दोन-तीन गाळे आहेत, ते मार्चपासून बंद. आई म्हणते, इतकी शांतता की यांना झोप लागत नाही.

काल फोनवर बातमी सांगितली. त्यांना वाटलं त्या रात्री डावीकडे उभा होता तो म्हातारा गेला. नाही म्हटलं, तो राल्फ, तो आहे. हा दुसरा, ज्याने राल्फबरोबर सगळं सुरू केलं. दहा वर्षं आधीच बँड सोडून गेला होता. आपण गेलो तेव्हा तो स्टेजवर नव्हताच.

बाबा जरा थांबले.

"पण त्या दिवशी जे वाजत होतं ते यानेच लावलेलं ना?"

बरंचसं, हो.

"मग हा सेटर. डाय लावून गेलेला."